दामले बाईंचं कंकणद्वीप

दामले बाई हल्ली आपल्याशी बोलताना आपल्या कानाकडे बघतात. पहिल्यांदा हा अनुभव आला तेव्हा मी कानातलं पडलं की काय म्हणून चाचपून पाहिलं होतं. मग बाईंनीच खुलासा केला. "डोळ्यांच्या मधोमध डाग पडलाय, सुनंदा. समोर बघितलं की नेमकं समोरचंच दिसत नाही, कडेचं दिसतं. तुझ्या कानाकडे बघितलं की तू दिसतेस."

बाई एक्क्याऐंशी वर्षांच्या. शनिवार पेठेतल्या आमच्या शाळेत त्या भूगोल शिकवायच्या आणि शाळाभर प्रसिद्ध होत्या त्या वर्तुळासाठी. कंपास नाही, दोरी नाही. खडू टेकवला, हात एकदा फिरवला की फळ्यावर पूर्ण गोल वर्तुळ. आम्ही नववीत टाळ्या वाजवायचो आणि त्या "बस, बस, सर्कस नाही ही" म्हणायच्या. त्या वर्तुळात कधी पृथ्वी असायची, कधी चंद्राची कला आणि कधी कंकणद्वीप, म्हणजे समुद्रात बांगडीसारखं गोल उगवलेलं पोवळ्यांचं बेट.

गेल्या वर्षी आमच्या वर्गातल्या बहुतेकजणी साठीच्या झाल्या. त्या निमित्ताने आम्ही आठजणी बाईंना भेटायला कोथरूडला त्यांच्या मुलाच्या घरी गेलो. बोलता बोलता बाई म्हणाल्या, "बत्तीस वर्षं कंकणद्वीप शिकवलं. पाहिलं मात्र एकही नाही. आता डाग वाढतोय, डॉक्टर म्हणतात कुठवर वाढेल सांगता येत नाही. तेवढं एक राहिलं."

तक्रारीचा सूर नव्हताच. जिन्यात उतरताना पुष्पा म्हणाली, "साठी साजरी करायला कुठेतरी जाणारच होतो ना? मग महाबळेश्वरला जाऊन काय स्ट्रॉबेरी मोजायच्यात?" पुष्पाची जीभ शाळेपासून अशीच आहे आणि तिच्याशिवाय आमचं कुठलंही काम पुढे सरकत नाही.

तयारी: कर्वेनगर आणि कोथरूड

शोधाशोध माझ्याकडे आली, कारण मी बँकेतून निवृत्त झालेली आणि फॉर्म भरायला न कंटाळणारी. मुंबईहून निघणारी, लक्षद्वीपच्या एका बेटापाशी थांबून परतणारी क्रूझ मिळाली. तिसऱ्या दिवशी सकाळी बोट बेटाजवळ उभी राहणार, तिथून छोट्या होड्यांनी किनाऱ्यावर नेणार, चार तास बेटावर. मला एवढंच हवं होतं.

अडचण होती ती बाईंच्या मुलाची. अभय सज्जन माणूस, पण आईच्या बाबतीत काळजीखोर. "सुनंदाताई, रागावू नका. तिला आपल्या इमारतीचा जिना नीट दिसत नाही. भर समुद्रात तिला काही झालं तर?"

त्याचं चुकत नव्हतं. उत्तर शोधताना मला आमचं जुनं घर आठवलं. नववीची सहल समुद्रकिनारी जाणार होती आणि माझे वडील सोडायला तयार नव्हते. मुलगी, तीही मुक्कामाला, तीही समुद्रावर! बाई संध्याकाळी आमच्या घरी आल्या, चहाला नको म्हणाल्या आणि उभ्याउभ्याच वडिलांना म्हणाल्या, "मी घेऊन जाते आणि मीच आणून सोडते." एवढंच. वडील काही बोलले नाहीत, म्हणजे हो म्हणाले. त्या सहलीत मी पहिल्यांदा समुद्र पाहिला. आयुष्यात बरंच काही मिळालं, पण तो समुद्र मला बाईंनी मागून आणून दिला, हे मी कधी विसरले नाही.

मी अभयला म्हटलं, "मी घेऊन जाते आणि मीच आणून सोडते."

बाई आतल्या खोलीत होत्या. तिथून आवाज आला, "वाक्य माझं आहे. चालेल."

मग सुरू झाला कपड्यांचा गोंधळ. क्रूझवाल्यांकडून पत्र आलं: पहिल्या रात्री सगळ्यांनी पांढरं, दुसऱ्या रात्री जेवणाला औपचारिक काळं. हे खातं वैशालीने मागून घेतलं. वैशाली आमच्यातली हौशी. तिच्या नातवाच्या बारशाला पाळण्याच्या पडद्यालासुद्धा मॅचिंग लेस होती. काळ्याचा प्रश्न तिने चुटकीसरशी सोडवला. "संक्रांतीला नेसतो ना आपण चंद्रकळा? तीच. पण सगळ्यांची एकसारखी हवी." लक्ष्मी रस्त्यावरच्या एका दुकानातून लाल काठाच्या नऊ काळ्या चंद्रकळा एकगठ्ठा आल्या.

पांढऱ्याचं बाईंना कसं सांगायचं यावर मात्र ग्रुपवर दोन दिवस खलबत झालं. बाईंचे यजमान गेले तेव्हा त्या चाळिशीच्याही नव्हत्या. शेवटी मीच फोन केला. बाई शांतपणे म्हणाल्या, "नवरा गेल्यावर अख्ख्या पेठेला मला पांढरं नेसवता आलं नाही. ही बोट कोण लागून गेली? मी पोपटी नेसणार."

पहिला दिवस

बंदरावरच्या तपासणीत वैशालीची इस्त्री जप्त झाली. बोटीवर इस्त्री न्यायला बंदी असते, हे त्या पत्रात तिसऱ्या पानावर होतं आणि वैशालीने दुसऱ्या पानावरचा ड्रेस कोड वाचून पत्र मिटलं होतं. नऊ घडीच्या साड्या आणि इस्त्री नाही! तिचा चेहरा पाहवेना. बाईंनी तोडगा सांगितला, "गादीखाली घाला. मी पंचवीस वर्षं शाळेत गादीखालच्याच साड्या नेसून आले. तुम्हाला कधी कळलं?" त्या रात्री आम्ही नऊजणी चंद्रकळांवर झोपलो.

बोट कसली, मोठी सोसायटीच ती. लिफ्ट, दुकानं, पोहायचा तलाव, आणि जेवणाची वेळ होण्याआधी दारात उभी असलेली माणसं. पहिल्या माणसांत आम्ही होतो हे कबूल करायला हरकत नाही. पांढऱ्या कपड्यांच्या त्या गर्दीत बाईंची पोपटी साडी लांबूनही दिसत होती आणि दोन अनोळखी बायका मुद्दाम येऊन "किती छान रंग" म्हणून गेल्या. गुजराती थेपल्यांशेजारी केरळी अवियल, त्याशेजारी गोड वरण. पुष्पाने वरण चाखून जाहीर केलं, "साखर आपल्याहून कमी आहे, पण हेतू चांगला आहे."

बाईंची खोली माझ्यासोबत. त्यांनी पहिल्या तासातच लिफ्टपासून आमच्या खोलीपर्यंतची दारं हाताने मोजली. "सतरावं. आता मला शोधायला यायचं नाही."

मी मात्र ऐकणारी नव्हे. बोट सुटताना कठड्याशी उभी राहून मी बाईंना सगळं सांगत सुटले. बाई, डावीकडे क्रेन आहेत, बाई, सूर्य आता टेकलाय, बाई, पाणी करड्या रंगाचं दिसतंय. थोडा वेळ त्यांनी सहन केलं. मग म्हणाल्या, "सुनंदा, मला धावतं वर्णन नको गं. मला जेवढं दिसतंय तेवढं बघू दे. तू बोललीस की मी तुझं ऐकते आणि माझं बघायचं राहतं."

मी वरमले. दहा मिनिटांनी पुन्हा "बाई, ते बघा" म्हणालेच, ती गोष्ट वेगळी.

दुसरा दिवस

चहूकडे नुसतं पाणी. दुपारपासून बोट जरा जास्तच डुलायला लागली. पाचच्या सुमाराला भोंग्यातून कप्तानाचा आवाज आला. बेटापाशी लाटांचा जोर वाढला आहे, छोट्या होड्यांनी उतरणं सुरक्षित नाही, त्यामुळे उद्याचा थांबा रद्द. बोट थेट कोचीला जाईल.

मी खुर्चीतच बसून राहिले. खाली लोकांनी कचेरीच्या खिडकीला गराडा घातला होता, आवाज चढले होते. मला कुणावर ओरडावंसंही वाटेना. अभयच्या घरातल्या फुशारक्या आठवत होत्या. घेऊन जाते म्हणे! कुठे घेऊन आले होते मी बाईंना? आणि पुन्हा कधी येणार होतो? तो डाग काही आमच्या सोयीने थांबणार नव्हता.

खोलीत आले तर बाई गादीखालून चंद्रकळा काढत होत्या. मी म्हटलं, "बाई, मला माफ करा."

"तू समुद्र आहेस का?" बाई म्हणाल्या. "मग कशाची माफी? निऱ्या धर माझ्या." पण साडी नेसून झाल्यावर त्या जरा वेळ पलंगावर बसून राहिल्या, हात मांडीवर ठेवून. एरवी बाई अशा बसत नाहीत.

जेवणाच्या दालनात आम्ही शिरलो ते दोन-दोनच्या रांगेत, पुढे बाई. ठरवून नव्हे, बाई पुढे असल्या की आमची रांग आपोआपच लागते. नऊ एकसारख्या काळ्या साड्या. त्यामुळे जे व्हायचं ते झालं. करमणुकीचे कार्यक्रम बघणारी लोर्ना म्हणून एक गोव्याची बाई होती. बदललेल्या कार्यक्रमपत्रिकेने तिच्या तोंडचं पाणी पळालेलं. तिने आम्हाला पाहिलं आणि ती धावतच आली. "आलात? बरें झालें! तुमचो नाच आदीं घेवया, लोक खूब रागान आसात." तिने आम्हाला मंचाशेजारच्या टेबलाशी बसवलं आणि आम्ही काही बोलायच्या आत ध्वनिक्षेपकावरून सांगूनही टाकलं, की पुण्याचा महिला समूह आता मंगळागौरीचे खेळ सादर करेल.

आता एकसारख्या साडीतल्या पुणेरी बायका दिसल्या की मंगळागौरीचा ग्रुप समजायचं, यात तिची तरी काय चूक? दर श्रावणात तसे ग्रुप गल्लोगल्ली दिसतात. पण आमच्यापैकी तिघींचे गुडघे बदललेले! पुष्पा म्हणाली, "वैशाली, जा, घाल फुगडी. साड्या तूच निवडल्यास."

वैशाली रडकुंडीला आली. आणि बाई उठल्या. माझा दंड धरून त्या मंचावर गेल्या, ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि म्हणाल्या, "हमको नाचना नहीं आता. पढ़ाना आता है." बाईंचं हिंदी म्हणजे पुण्याचंच, पुढचं मी मराठीतच सांगते. त्या म्हणाल्या, "ज्यांना उद्याचं बेट रद्द झाल्याचा राग आलाय, त्यांनी हात वर करा." जवळजवळ सगळं दालन हात वर करून बसलं. बाई म्हणाल्या, "हात खाली. आता बेट रद्द का झालं ते बघा."

त्यांनी काचेचा मोठा वाडगा मागवला. मधे एक गुलाबजाम ठेवला, भोवती माझ्या हातातली बांगडी ठेवली आणि पाणी ओतलं. हा गुलाबजाम म्हणजे समुद्रातला ज्वालामुखीचा डोंगर. त्याच्या अंगाला पोवळ्यांनी घर केलं. लाखो वर्षांत डोंगर हळूहळू बुडाला, असं म्हणून बाईंनी गुलाबजाम उचलला आणि सगळ्यांदेखत खाऊन टाकला. हशा पिकला. "डोंगर गेला. पोवळी मात्र वर वर वाढत राहिली. उरली ही बांगडी. आत शांत पाणी, बाहेर समुद्र. पण ही पोवळी पाण्याखाली लपलेली असतात आणि सुरीसारखी धारदार. मोठ्या लाटेत तुमची होडी त्यांच्यावर आपटली तर? कप्तानाने बोट वळवली नसती तर मी त्याला नापास केलं असतं."

टाळ्या पडल्या. दुपारी सर्वांत जोरात ओरडणारे एक गुजराती आजोबा पुढच्याच टेबलाशी होते. त्यांनी आदराने विचारलं, "बेन, आपने यह द्वीप कितनी बार देखा है?"

बाई त्यांच्या कानाकडे बघत म्हणाल्या, "एक बार भी नहीं. कल देखनेवाली थी."

मंचाच्या पायऱ्या उतरताना माझ्या दंडावरची त्यांची पकड घट्ट होती. लोर्ना कोपऱ्यात उभी राहून डोळे पुसत होती. मला त्या क्षणी बाईंचा अभिमान वाटला आणि स्वतःवर चीडही आली.

तिसरा दिवस

सकाळी पावणेसहाला खोलीतला फोन वाजला. लोर्नाच होती. रात्रीची गोष्ट तिने कप्तानाच्या कानावर घातली होती. कोचीची वाट बेटाच्या जवळूनच जाते. बोट थांबवता येणार नाही, पण ज्या बाजूला लाटा कमी आहेत तिकडून तो ती जरा जवळून नेणार होता. दहा-पंधरा मिनिटं बेट दिसेल. आजींना वरच्या डेकवर, पुढे, घेऊन या.

मी सगळ्यांची दारं बडवली. त्या सकाळी आमचा ड्रेस कोड काय होता ते विचारू नका. गाऊनवर शाल, गाऊनवर स्वेटर, आणि वैशालीच्या केसांत दोन क्लिपा. बाई मात्र साडीत होत्या. त्या कधी उठल्या आणि कधी नेसल्या, मला पत्ताच नव्हता.

वर भणभणता वारा. एक अधिकारी दुर्बीण घेऊन उभा होता. त्याने हात केला तिकडे पाहिलं, तर आधी नुसती माडांची काळसर रेघ. मग बोट पुढे सरकली, ऊन आलं आणि रेघेच्या अलीकडे पाण्याचा रंगच बदलला. तो रंग मी कधी पाहिला नव्हता. कच्च्या कैरीची साल पातळ करून पाण्यावर पसरावी तसा. त्याच्या बाहेरच्या बाजूने पांढऱ्या फेसाची कड, लांबच लांब, वळत गेलेली. बाई, बघा, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मी बाईंच्या वर्गात गप्प बसले.

बाईंनी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि लगेच परत दिली. थोडा वेळ त्या समोर बघत राहिल्या. मग त्यांनी मान फिरवली. बेटाकडून तोंड वळवून त्या बोटीच्या मागच्या अंगाला बघू लागल्या. वैशालीने माझा हात धरला. "सुनंदा, नाही गं दिसत त्यांना," ती कुजबुजली आणि तिला हुंदका आला.

बेट हळूहळू मागे सरकत होतं आणि बाई तशाच, मान वळवून, निश्चल. आणि मग एकदम माझ्या ध्यानात आलं. बाई माझ्याशी बोलताना तरी कुठे माझ्याकडे बघतात? मी वैशालीला खुणेनेच म्हटलं, थांब.

बऱ्याच वेळाने बाई म्हणाल्या, "फेस एका जागी तुटलाय."

आम्ही सगळ्यांनी पाहिलं. आम्हाला काही दिसेना.

"डावीकडे. माडांचा तो उंच पुंजका आहे ना, त्याच्या अलीकडे. तिथे पांढरं नाहीये."

अधिकाऱ्याने दुर्बीण लावली आणि तो हसला. "बरोबर, मॅडम. होड्या तिथूनच आत जातात."

दुर्बीण हातोहात फिरली तेव्हा आम्हालाही ती फट दिसली. धड डोळ्यांच्या आठजणी, आणि वाट सापडली ती बाईंना. बाई मान वळवलेल्याच, बेट दिसेनासं होईपर्यंत बघत राहिल्या. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या.

कोची आणि परत

कोची आम्हाला फुकटात मिळालं आणि आम्ही ते मनापासून घेतलं. किनाऱ्यावरची ती भलीमोठी जाळी, चारपाच माणसांनी मिळून दोरांनी उचलायची. लाल तांदळाचा जाड भात. खोबरेल तेलातले केळ्याचे काप. आपल्याकडे खोबरेल डोक्याला लावतात, तिथे तळणीला. पुष्पाने आधी नाक मुरडलं आणि नंतर दोन किलो काप पिशवीत भरले. आम्ही हसत होतो, चालत होतो, पण त्या दिवशी प्रत्येकीच्या डोळ्यांपुढे ती पांढरी कड होती. कप्तानाला आम्ही आठजणींनी सह्या करून एक चिठ्ठी पाठवली. बाईंनी त्यावर लाल शाईत दहापैकी दहा मार्क लिहिले. लोर्नाला मात्र वैशालीने आपली चंद्रकळाच देऊन टाकली. घडी गादीखालची होती, पण चोख होती.

पुण्यात आलो तेव्हा मी आधी कोथरूड गाठलं. अभयने दार उघडलं. मी म्हटलं, "घेऊन गेले होते. आणून सोडलं." तो एरवी फार बोलणारा नाही. त्याने माझ्या हातातली बॅग घेतली आणि वाकून मला नमस्कार केला.

"आई, दिसलं का गं काही?" त्याने विचारलं.

बाईंनी उत्तर द्यायच्या आधी कागद मागितला आणि जाड पेन. मग जेवणाच्या टेबलाशी बसून, मान एका बाजूला वळवून, हात एकदा फिरवला. तोच हात, तोच झपाटा. पण या वेळी वर्तुळ मिटलं नाही. डावीकडे बोटभर जागा मोकळी सोडून पेन थांबलं.

"ही वाट पुस्तकात होती," बाई म्हणाल्या. "एक ओळ होती. मी ती वाचून दाखवायचे आणि फळ्यावर मात्र पूर्ण गोल काढायचे. टाळ्या पडायच्या ना! वाट सोडली असती तर वर्तुळ कसं दिसलं असतं?" त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. माझ्या कानाकडे बघून म्हणाल्या, "बत्तीस वर्षं चुकीची आकृती काढून दिली. सगळ्याजणींना सांग, दुरुस्त करून घ्या."

माझी नववीची वही कधीच रद्दीत गेली. म्हणून त्या संध्याकाळी कर्वेनगरला घरी आल्यावर मी नवीन वही आणली आणि पहिल्या पानावर कंकणद्वीप काढलं. माझं वर्तुळ शाळेत यायचं तसंच बटाट्यासारखं आलं. पण वाट मी बरोबर जागी सोडली आहे.